डब्यावरचं नाव आणि आतली चिप

"आसुसचा जीपीयू घेऊ की गिगाबाइटचा?" मुलाला कॉम्प्युटर असेंबल करून देणारे पालक हे विचारतात, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारी पोरं विचारतात. ज्यांना खरं ठाऊक असायला हवं असे काही विक्रेतेही 'ह्या कंपनीचा जीपीयू जास्त टिकतो' असं बिनदिक्कत सांगून वरचे चार-पाच हजार घेतात. उत्तर एका वाक्याचं आहे. जीपीयू, म्हणजे ग्राफिक कार्डावरची मुख्य चिप, आसुस बनवत नाही आणि गिगाबाइटही बनवत नाही. एमएसआय, झोटॅक, सफायर, कलरफुल यांच्यापैकीही कुणी बनवत नाही.

डेस्कटॉप कार्डासाठी जीपीयूचा आराखडा आखणाऱ्या कंपन्या आज मुख्यतः तीन आहेत: एनव्हिडिया, एएमडी आणि इंटेल. त्यातही एनव्हिडिया आणि एएमडीकडे स्वतःचा चिपचा कारखाना नाही. आराखडा त्यांचा असतो, चिप छापून देते तैवानची टीएसएमसी. २०२० साली आलेल्या एनव्हिडियाच्या ३० मालिकेतल्या चिपा सॅमसंगने बनवल्या, पुढच्या ४० मालिकेच्या वेळी काम पुन्हा टीएसएमसीकडे गेलं. इंटेलकडे स्वतःचे मोठे कारखाने आहेत, तरी तिच्या आर्क कार्डांवरची चिप टीएसएमसीकडूनच बनून येते. मेमरीच्या चिपा सॅमसंग, एसके हायनिक्स किंवा मायक्रॉनच्या. एवढं सगळं जमल्यावर कार्ड बनवणारी कंपनी चित्रात येते.

ज्यांना पटत नाही त्यांच्यासाठी एक कार्ड उघडून बघू. आरटीएक्स ४०६० हे २०२३च्या जूनमध्ये २९९ डॉलरला आलेलं कार्ड. एनव्हिडियाने ते स्वतःच्या नावाने विकलंच नाही, सगळं कार्ड बनवणाऱ्या भागीदार कंपन्यांवर सोडलं. कुठल्याही ब्रँडचं ४०६० घ्या, मागचे स्क्रू काढा, पंख्यांसकट हीटसिंक उचला आणि करडी पेस्ट पुसा. (वॉरंटी चालू असलेल्या कार्डावर हे करू नका.) खाली नखाएवढा आरशासारखा चकचकीत तुकडा दिसेल आणि त्यावर बारीक अक्षरांत एडी१०७-४०० असा क्रमांक. डबा लाल असो, काळा असो की पांढरा, आत ३,०७२ कोर आणि ८ जीबी मेमरीच असते. कारखान्यातून थोडा वेग वाढवून दिलेलं महागडं मॉडेल गेममध्ये पुढे जातं ते बहुधा दोन-तीन टक्क्यांनी. ६० फ्रेमच्या जागी ६१ किंवा ६२. डोळ्यांना हा फरक कळत नाही आणि त्यासाठी हजारो रुपये मोजायला लावणं मला सरळ फसवणूक वाटते.

मग ब्रँडला काहीच अर्थ नाही का? अर्थ आहे, पण वेगळ्या ठिकाणी. कापड एकाच गिरणीचं आणि शिंपी निरनिराळे, असा हा व्यवहार आहे. हीटसिंक किती जड, पंखे किती आवाज करतात, वीज पुरवणारे घटक कोणत्या दर्जाचे, कार्ड कॅबिनेटमध्ये मावतं का, आणि बिघडलं तर दुरुस्त करून कोण देणार, हे सगळं शिंप्याच्या हातात. 'कुणाचा जीपीयू' असं न विचारता 'कुणाची वॉरंटी, किती वर्षं, आणि कार्ड जमा कुठे करायचं' असं विचारायला हवं. आपल्याकडे अनेक ब्रँडची वॉरंटी वितरकामार्फत चालते आणि बऱ्याचदा ती खरेदी केलेल्या देशापुरतीच असते. अमेरिकेतल्या भाच्याला सांगून दोन पैसे स्वस्त कार्ड मागवणाऱ्यांनी हे आधी तपासावं. नंतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार हात वर करतो, तेव्हा त्याचं चुकत नसतं.

आता याच गैरसमजाचा दुसरा पदर. कार्डवाली कंपनी आणि चिपवाली कंपनी या बरोबरीच्या भागीदार आहेत, असं लोक धरून चालतात. त्या बरोबरीच्या नाहीत. चिप कुणाला, किती आणि कधी द्यायची ते चिपवाला ठरवतो, आणि कार्डाने वीज व व्होल्टेजच्या कुठल्या मर्यादा पाळायच्या तेही तोच. २०१६ पासून 'फाउंडर्स एडिशन' नावाने एनव्हिडिया स्वतःची कार्डंही विकते, म्हणजे माल पुरवणाराच शेजारच्या गाळ्यात दुकान मांडून बसतो.

याचा सगळ्यात ठळक दाखला ईव्हीजीएचा. १९९९ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली ही कंपनी एनव्हिडियाची जुनी आणि अमेरिकेत फार मान असलेली भागीदार. तिने कार्डं विकली ती फक्त एनव्हिडियाची. सप्टेंबर २०२२ मध्ये, आरटीएक्स ४० मालिका जाहीर व्हायच्या तोंडावर, ईव्हीजीएने ग्राफिक कार्डांचा धंदाच सोडल्याचं सांगितलं. प्रमुख अँड्र्यू हान यांनी 'गेमर्स नेक्सस' आणि 'जेझटूसेंट्स' या दोन यूट्यूब वाहिन्यांशी बोलून कारणं दिली, आणि ती मुळातून ऐकण्यासारखी आहेत. नव्या चिपची अधिकृत किंमत भागीदाराला कळायची ती बाकी जगाला कळते तेव्हाच. मालाची तयारी आधी करायची आणि विकायचं कितीला ते जाहीर समारंभात ऐकायचं! त्याच वर्षी मार्चमध्ये १,९९९ डॉलरला आलेलं ३०९० टीआय कार्ड शरद ऋतूपर्यंत अकराशेच्या घरात उतरलं होतं. आधीच्या चढ्या भावात भरलेला माल ज्याच्या गोदामात, नुकसान त्याचं.

या घटनेवरून तीन अफवा अजून फिरतात. 'ईव्हीजीए बुडाली म्हणून गेली': नाही, तिने धंदा सोडला आणि आधी विकलेल्या कार्डांची जबाबदारी पाळण्याचं जाहीरही केलं. 'ती एएमडीकडे गेली': नाही, एएमडी किंवा इंटेलची कार्डं काढायचा बेत नसल्याचं तेव्हाच सांगितलं होतं. 'तिची चिप चालेना': तिची चिप कधी नव्हतीच!

चिपवाल्याची ही मुजोरी नेहमी पचतेच असं मात्र नाही, आणि यासाठी थ्रीडीएफएक्सची गोष्ट सांगायलाच हवी. १९९६ साली आलेल्या तिच्या वूडू चिपने पीसीवरच्या खेळांचं रूप पालटलं. तेव्हा कंपनी फक्त चिप विकायची. कार्डं बनवायच्या डायमंड, ऑर्किड, क्रिएटिव्हसारख्या कंपन्या आणि दुकानात दिसायचं ते त्यांचंच नाव. डिसेंबर १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्सने टेक्ससमधली कार्ड बनवणारी एसटीबी ही कंपनी विकत घेण्याचं जाहीर केलं. आता कार्डंही आपणच बनवायची आणि मधला नफाही आपलाच, असा हिशोब. वूडू३ पासून कार्डं मेक्सिकोतल्या हुआरेझच्या कारखान्यातून थ्रीडीएफएक्सच्याच नावाने निघू लागली. जुन्या भागीदारांना चिपच मिळेना. ते काय करणार होते? क्रिएटिव्हने एनव्हिडियाच्या टीएनटी२ आणि जीफोर्स चिपांवर कार्डं काढली. डायमंडला एस३ या दुसऱ्या चिप कंपनीने विकत घेतलं. ज्या वितरणाच्या जाळ्यावर वूडू घरोघरी पोचला होता त्याचा मोठा भाग प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला. पुढच्या चिपांना उशीर झाला हेही खरंच, सगळा दोष एका निर्णयावर टाकता येणार नाही. पण डिसेंबर २००० मध्ये थ्रीडीएफएक्सने आपली मुख्य मालमत्ता विकायला काढली आणि विकत घेणारी कंपनी होती एनव्हिडिया. 'वूडूची चिप हलकी होती म्हणून कंपनी संपली' असं म्हणणाऱ्यांनी या दोन वर्षांत तिचं कार्ड विकायला उरलं कोण होतं, तेही पाहावं.

बरोबर उलटी वाट एटीआयची. कॅनडातली ही कंपनी वर्षानुवर्षं स्वतःची कार्डं स्वतःच विकत होती. २००१च्या सुमारास तिने चिपा बाहेरच्या कंपन्यांना द्यायला सुरुवात केली आणि पुढची काही वर्षं एनव्हिडियाला तोडीस तोड टक्कर दिली.

'एकदा करार झाला की भागीदार कायमचा' हाही असाच एक समज. एक्सएफएक्स पूर्वी फक्त एनव्हिडियाची कार्डं विकायची. २००९ मध्ये तिने एएमडीचीही सुरू केली आणि थोड्याच काळात फक्त एएमडीची उरली. बीएफजी ही एनव्हिडियाची अमेरिकी भागीदार 'आजीवन वॉरंटी' देत असे. २०१० मध्ये ती कार्डांच्या धंद्यातून बाहेर पडली, मग बंदच झाली, आणि दुरुस्तीला पाठवलेली कार्डं ग्राहकांना जशीच्या तशी परत आली. चिप बनवणारी एनव्हिडिया तेव्हाही ठणठणीत होती, पण वॉरंटीचा कागद तिचा नव्हता.

२०१८ मध्ये तर एनव्हिडियाने 'जीफोर्स पार्टनर प्रोग्रॅम' आणला. भागीदाराचा गेमिंग ब्रँड फक्त जीफोर्ससाठी राखून ठेवण्याची अट त्यात असल्याचं वृत्त 'हार्डओसीपी'चे काइल बेनेट यांनी मार्चमध्ये दिलं. एप्रिलमध्ये आसुसने एएमडीच्या कार्डांसाठी 'अरेझ' हे वेगळं नाव काढलं. ओरड वाढली तशी एनव्हिडियाने मे महिन्यात योजना मागे घेतली. गैर काही केलं नाही, हे तिचं म्हणणं तिने शेवटपर्यंत सोडलं नाही.

बाकीचे समज थोडक्यात.

'ॲपलने एनव्हिडिया सोडली ती चिप संथ म्हणून.' वेग हा मुद्दा नव्हता. २००८ मध्ये लॅपटॉपमधल्या काही चिपा सदोष निघाल्या, एनव्हिडियाने त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली, आणि मॅकबुक प्रोही त्या तडाख्यात सापडला. नातं तिथून बिघडत गेलं.

'एक्सबॉक्समध्ये पहिल्यापासून एएमडी.' २००१च्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये एनव्हिडिया होती. चिपच्या किमतीवरून मायक्रोसॉफ्टशी वाद लवादापर्यंत गेला आणि २००५च्या एक्सबॉक्स ३६० मध्ये एटीआयची चिप आली, आणि एटीआय पुढे एएमडीने विकत घेतली.

'इंटेल आणि एएमडी हाडवैरी, एकत्र येणं अशक्य.' २०१७ मध्ये इंटेलनेच एका प्रोसेसरच्या पोटात एएमडीचं रेडिऑन ग्राफिक्स बसवलं. दोन वर्षांत ते बंद झालं, पण झालं होतं.

'एनव्हिडियाने इंटेल विकत घेतली, आता आर्क संपलं.' हा अगदी ताजा, आणि व्हॉट्सॲपवर सगळ्यात जोरात. सप्टेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियाने इंटेलमध्ये ५ अब्ज डॉलर गुंतवण्याचं जाहीर केलं, २३.२८ डॉलरला एक शेअर या भावाने. ही गुंतवणूक आहे, मालकी नव्हे. इंटेलचे प्रोसेसर आणि एनव्हिडियाचं आरटीएक्स ग्राफिक्स एकाच पॅकेजमध्ये बसवण्याचा बेत त्यात आहे. आपले स्वतःचे जीपीयू चालू राहतील, असं इंटेलने तेव्हाच सांगितलं.