परदेशी जाऊन चरबी काढून घेण्यापूर्वी

लग्न ठरले की आपल्या घरांत पूर्वी मेंदीचा दिवस, साड्या आणि मलिद्याचे ताट यांची चर्चा होई. आता इथे इंग्लंडात हुप्पाच्या चार महिने आधी मुली, आणि मुलींच्या आयासुद्धा, फोनवर तुर्कस्तानातील दवाखान्यांचे दर पाहत बसलेल्या दिसतात. पोटाची, दंडांची, मांड्यांची चरबी नळीने ओढून काढायची, आठवडाभरात परत यायचे आणि चोळी बिनसुरकुतीची बसवायची. याला लायपोसक्शन म्हणतात. गेल्या वर्षभरात तिघीचौघींनी मला याविषयी विचारले. मी डॉक्टर नव्हे, शाळेत शिकवणारी बाई. पण वाचून समजून घ्यावे आणि सोपे करून सांगावे, एवढी जुनी सवय हाताशी आहे.

मुळात हे काय आहे? आपल्या अंगात चरबी दोन जागी असते. एक त्वचेच्या खाली, जी चिमटीत धरता येते. दुसरी पोटाच्या आत, आतड्यांभोवती. लायपोसक्शनने निघते ती फक्त पहिली. मिठाच्या पाण्यात लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध आणि रक्तवाहिन्या आकसवणारे अॅड्रेनलिन मिसळून ते पाणी चरबीत भरतात. मग लहानशा छेदातून पोकळ नळी आत घालून, ती मागेपुढे फिरवत यंत्राने चरबी ओढून घेतात. १९२० च्या दशकात फ्रान्समध्ये दुजारिए नावाच्या शल्यवैद्याने एका नर्तिकेच्या पायाची चरबी खरवडून काढली होती. पाय सडला आणि कापावा लागला. त्यानंतर बरीच वर्षे कोणी या वाटेला फारसे गेले नाही. नळीची पद्धत १९७० च्या दशकात इटलीत फिशर आणि फ्रान्समध्ये इलूझ यांनी आणली, आणि औषधी पाणी भरण्याची युक्ती १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातील जेफ्री क्लाइन यांनी. त्यामुळे रक्तस्राव पुष्कळ कमी झाला.

पण त्या पाण्याची एक गोष्ट जाहिरातीत कोणी सांगत नाही. लिग्नोकेन चरबीतून रक्तात सावकाश उतरते, आणि रक्तातले त्याचे प्रमाण सर्वांत वर जाते ते साधारण १२ तासांनी. सकाळी शस्त्रक्रिया झाली तर ही वेळ रात्रीची. त्या वेळी पेशंट नर्सच्या नजरेसमोर आहे की हॉटेलच्या खोलीत एकटी झोपली आहे, हा प्रश्न म्हणूनच पैशांच्या आधी विचारायचा.

दुसरा गैरसमज वजनाचा. ही वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया नव्हे. ज्यांचे वजन आधीच बेताचे आहे, कातडी घट्ट आहे आणि व्यायाम करूनही एखाद्या जागेची चरबी हटत नाही, त्यांना तिचा उपयोग होतो. अमेरिकेतील दुसरे एक क्लाइन, सॅम्युएल, यांनी २००४ मध्ये १५ लठ्ठ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या पोटावरची कित्येक किलो चरबी काढली, पण दोनतीन महिन्यांनी पाहिले तर साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांत काही फरक नाही. कारण त्रास देते ती आतली चरबी, आणि ती जागच्या जागी राहते. आपण बेने इस्राएल असलो तरी अंगकाठी आणि मधुमेह दोन्ही कोकणातूनच घेऊन आलो आहोत. ब्रिटनमध्ये दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांसाठी बीएमआय २३ च्या वर गेला की सावध व्हा आणि २७.५ च्या वर धोका जास्त, असे सांगतात. गोऱ्या लोकांसाठी हेच आकडे २५ आणि ३० आहेत. आपणही स्वतःला २३ च्याच मापाने मोजावे, असे माझे मत. ज्या बाईची साखर वाढलेली आहे तिने हे पैसे चालण्याचे बूट आणि चांगला आहारतज्ज्ञ यांवर घालावेत.

इस्राएलमधील वाचकांसाठी सांगते: तिकडे जशी कुपत होलिम, तशी इकडे एनएचएस. शरीराला घाट देण्यासाठी ती लायपोसक्शन करीत नाही. काही आजारांत, उदाहरणार्थ हातापायांवर कायमची सूज राहते तेव्हा, क्वचित करते. खासगीत एनएचएसच्याच माहितीप्रमाणे दोन ते सहा हजार पौंड पडतात. तुर्कस्तानचे दर याहून बरेच खाली असतात आणि त्यांत हॉटेल, विमानतळावरची गाडी, एखाद्या ठिकाणी बोटीची सफरसुद्धा धरलेली असते. माझ्या एका मैत्रिणीची सून अशीच गेली. सगळी बोलणी व्हॉट्सअॅपवर एका गोड बोलणाऱ्या मुलीशी झाली. ती नर्सही नव्हती. सर्जन भेटला तो शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी, पाच मिनिटे. कागदावर सही झाली तेव्हा अंगावर हॉस्पिटलचा झगा होता आणि पैसे भरून झाले होते. अशा वेळी "नको" कोण म्हणेल? ती परत आली तेव्हा पोटाच्या एका बाजूला पाणी साचले होते आणि दुसऱ्या बाजूला खळगा होता. पाणी इथल्या डॉक्टरांनी काढले. खळगा तसाच आहे.

इथला नियम याच्या उलट आहे. जनरल मेडिकल कौन्सिलने १ जून २०१६ पासून डॉक्टरांना घालून दिले आहे की, जो शस्त्रक्रिया करणार त्यानेच पेशंटशी बोलून संमती घ्यायची, आणि विचार करायला वेळ द्यायचा. अर्थात इथेही सगळेच सोवळे आहे असे नाही. ब्रिटनमध्ये "कॉस्मेटिक सर्जन" ही पाटी प्लास्टिक सर्जरी न शिकलेला डॉक्टरही लावू शकतो. म्हणून कौन्सिलच्या स्पेशालिस्ट रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे "प्लास्टिक सर्जरी" आहे का ते पाहावे. ती यादी कोणालाही फुकट पाहता येते.

ब्रिटिश परराष्ट्र खात्याने तुर्कस्तानच्या प्रवाससूचनेत नमूद केले आहे की, २०२३ या एका वर्षात तिथे वैद्यकीय उपचारांनंतर ६ ब्रिटिश नागरिक दगावले. जाणारे हजारो असतात हे खरे, आणि तिथे उत्तम सर्जनही आहेत. पण गेलेली माणसे धडधाकट होती की आजारी, हा विचार केला म्हणजे सहाचा आकडा मोठा वाटू लागतो. ओढलेली चरबी नितंबांत भरण्याचा प्रकार तर मी साफ टाळायला सांगेन. पॅकेजमध्ये तो "थोडे आणखी" म्हणून गळ्यात मारतात. चरबी मोठ्या शिरेत शिरली तर थेट फुप्फुसात जाते. येथील सौंदर्यशल्यवैद्यांच्या संघटनेने २०१८ मध्ये आपल्या सदस्यांना तो बंदच करायला सांगितले होते. २०२२ मध्ये परवानगी दिली ती चरबी स्नायूच्या वर, त्वचेखालीच सोडायची आणि तेही सोनोग्राफीत पाहत, या अटींवर.

आता परतीचे विमान. शस्त्रक्रियेनंतर पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो आणि विमानात बसून राहिल्याने तो आणखी वाढतो. लायपोसक्शननंतर ५ ते ७ दिवस आणि पोटाची कातडी कापून शिवली असेल तर ७ ते १० दिवस विमानात बसू नये, असे एनएचएस सांगते. चार दिवसांचे पॅकेज विकणाऱ्याला हे ठाऊक नसते असे नाही. गर्भनिरोधक गोळ्या किंवा पाळी गेल्यानंतरचे हार्मोन चालू असतील तर ते आधी डॉक्टरांना सांगावे. सिगारेट ओढत असाल तर तेही. नवरा शेजारी बसला असला तरी.

"मग मुंबईच बरी, मावशीकडे राहू," असे काहीजणी म्हणतात. मऊ भात करून घालणारे कोणी आणि आपल्या भाषेत बोलणारा डॉक्टर, ही सोय लहान नाही. पण तिथेही पारख लागते. सर्जनकडे एम.सीएच. किंवा डीएनबी, प्लास्टिक सर्जरीतली, आहे का, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये नोंद आहे का, आणि त्याच इमारतीत अतिदक्षता विभाग आहे का, हे विचारा. मे २०२२ मध्ये बंगळुरूत चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर एक तरुण कन्नड नटी दगावली. मुंबईचे विमान नऊ तासांच्या आसपास घेते, तेव्हा परत फिरण्याची घाई तर अजिबात नको. आणखी एक गोष्ट जंतूंची. जवळजवळ कोणत्याही औषधाला दाद न देणाऱ्या एका प्रकाराला नवी दिल्लीचे नाव दिले गेले. २०१० मध्ये लॅन्सेटच्या साथरोगविषयक मासिकात त्याविषयीचा लेख आला तेव्हा हिंदुस्थानात मोठा संताप झाला. नाव ठेवण्याची ती रीत मलाही आवडली नाही. पण त्या लेखातल्या ब्रिटनमधील रुग्णांपैकी काहीजण भारतात वा पाकिस्तानात जाऊन शस्त्रक्रिया, त्यांत सौंदर्यशस्त्रक्रियाही, करून आले होते, हे खोटे नाही. म्हणून परदेशी हॉस्पिटलात राहून आलात तर इथल्या हॉस्पिटलात ते न विचारता सांगा.

पैशांचे म्हणाल तर साध्या प्रवासविम्यात ठरवून केलेली शस्त्रक्रिया सहसा धरत नाहीत, आणि युरोपात चालणारे आरोग्यकार्डही मुद्दाम उपचारासाठी गेलेल्याच्या कामाचे नाही. जिवावर बेतले तर एनएचएस वाचवील. बिघडलेला आकार मात्र ती दुरुस्त करून देणार नाही, आणि दावा लावायचा तर बहुधा त्या देशाच्या कायद्याने, त्या देशाच्या भाषेत.

दोघीजणींनी धर्माचेही विचारले, म्हणून थोडक्यात. स्वतःच्या देहाला इजा करू नये असा आपल्याकडे दंडक आहे. रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी १९६४ मध्ये एका मुलीला रूप सुधारण्यासाठी शस्त्रक्रिया करून घेण्यास मोकळीक दिली, कारण तिच्या बऱ्यासाठी केलेली ती इजा नव्हे. जेरुसलेमचे रब्बी एलिएझर वाल्डेनबर्ग यांनी मात्र निव्वळ रूपासाठी सुरीखाली जायला ठाम विरोध केला. तेव्हा आपल्या रब्बींना विचारावे, आणि विचारताना धोका किती ते आधी डॉक्टरांकडून समजून घेऊन विचारावे.

जाणारी जाणारच असेल तर सर्जनचे पूर्ण नाव, किती लिटर काढणार, भूल कोण देणार, रात्री जवळ कोण, आणि परतल्यावर काही झाले तर जबाबदार कोण, हे लेखी घ्या. एका वेळी पाच लिटरांहून जास्त काढणे हे मोठे काम समजतात. ते हॉस्पिटलात राहूनच करावे. शस्त्रक्रियेचे कागद इंग्रजीत मागून घ्या. आवळ पट्टा काही आठवडे घालावा लागतो आणि सूज पूर्ण उतरायला सहा महिनेही लागतात, म्हणजे चार महिन्यांवरच्या हुप्पासाठी आज जाणे हिशेबात बसत नाही. परत आल्यावर ताप, जखमेतून पू किंवा वाढती लाली दिसली तर १११ ला फोन करा. एक पोटरी सुजून दुखू लागली तर त्याच दिवशी दाखवा. दम लागला, छातीत दुखले किंवा भ्रम झाला तर ९९९, आणि ते कागद सोबत न्या.