उंची स्विस घड्याळांतील बनावटीची ओळख : रोलेक्सच्या विशेष संदर्भात

बीजसंज्ञा : बनावट घड्याळ, रोलेक्स, तबकडी, अनुक्रमांक, जुळवलेले घड्याळ, व्यापारचिन्ह कायदा

प्रस्तावना

१९९१ नंतरच्या आर्थिक उदारीकरणाने भारतीय मध्यमवर्गाच्या उपभोगाच्या कक्षा रुंदावल्या. ज्या पिढीला एचएमटीचे 'जनता' किंवा 'पायलट' घड्याळ मनगटावर असणे पुरेसे प्रतिष्ठेचे वाटत होते, त्याच पिढीच्या मुलांना रोलेक्स, ऑमेगा, पाटेक फिलिप ही नावे आज सहज ठाऊक असतात. यांतील काही घड्याळे दुकानातून नवी विकत घेतली जातात. पण पुष्कळ घड्याळे अन्य मार्गांनी घरात येतात. रत्नागिरी, रायगडसारख्या जिल्ह्यांतून आखाती देशांत नोकरीस गेलेल्या मंडळींनी परतताना आणलेली, सेवानिवृत्तीला भेट मिळालेली किंवा ओळखीच्या माणसाकडून 'स्वस्तात' मिळालेली घड्याळे हा त्यांतील मोठा वर्ग होय. अशा घड्याळाबरोबर पावती क्वचितच असते. ते खरे आहे की बनावट, हा प्रश्न मग विकण्याच्या किंवा वाटणीच्या वेळी उभा राहतो आणि त्या वेळी त्याची किंमत काही लाख रुपये असू शकते.

प्रस्तुत लेखात रोलेक्स या एकाच नाममुद्रेच्या यांत्रिक घड्याळांचा विचार केला आहे. सर्वाधिक नकला होणाऱ्या घड्याळांत रोलेक्सची गणना होते, आणि तिच्या रचनेतील बदलांच्या नोंदीही संग्राहकांनी विपुल प्रमाणात ठेवल्या आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

घड्याळांची नक्कल ही आधुनिक चीनची देणगी आहे, असा समज रूढ आहे. तो इतिहासाला धरून नाही. अठराव्या शतकात लंडनच्या घड्याळांना युरोपात मोठा मान होता, आणि त्या काळी लंडनच्या कारागिरांची खरी किंवा कल्पित नावे कोरलेली घड्याळे युरोप खंडात तयार होऊन विकली जात. या उद्योगात जिनिव्हाचाही हात होता. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन घड्याळांना भाव आला, तेव्हा त्यांच्या नावांशी मिळतीजुळती नावे धारण करणारी स्विस घड्याळे बाजारात आली. अमेरिकेतील संग्राहक त्यांना आजही 'स्विस नकली' म्हणूनच ओळखतात. ज्या देशाच्या नावाची आज सर्वाधिक नक्कल होते, त्याच देशाच्या कारागिरांनी कधीकाळी दुसऱ्यांची नावे वापरली, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकांना रंजक वाटावी.

नकलेला तांत्रिक उत्तर देण्याचा प्रयत्नही तितकाच जुना आहे. पॅरिसचा विख्यात घड्याळकार अब्राहम-लुई ब्रेगे (१७४७-१८२३) याने १७९५ च्या सुमारास आपल्या तबकड्यांवर एक गुप्त स्वाक्षरी कोरण्यास आरंभ केला. ती इतकी सूक्ष्म असे की प्रकाश तिरपा पडल्यावाचून दिसत नसे. रोलेक्सच्या काचेवरील सूक्ष्म मुकुटचिन्ह हे त्याच विचाराचे आजचे रूप म्हणावे लागेल.

रोलेक्सचा संस्थापक हान्स विल्सडॉर्फ याने १९०५ मध्ये लंडन येथे भागीदारीत व्यवसाय सुरू केला आणि १९०८ मध्ये 'रोलेक्स' हे नाव नोंदविले. १९२६ चे जलरोधक 'ऑयस्टर' कवच, १९३१ चा स्वयंचलित 'पर्पेच्युअल' रोटर, १९४५ चे 'डेटजस्ट' आणि १९५३ चे 'सबमरिनर' हे पुढील टप्पे होत. घड्याळ कोणत्या काळातील आहे हे आधी निश्चित केल्याशिवाय त्याची लक्षणे तपासणे व्यर्थ ठरते, म्हणून हे सन येथे दिले आहेत.

प्रचलित कसोट्यांचे मूल्य

'खऱ्या रोलेक्सचा सेकंदकाटा टिकटिक करत नाही, तो सरकत जातो', ही सर्वांत लोकप्रिय कसोटी होय. तिच्यात तथ्य आहे. आधुनिक रोलेक्सची यंत्रणा ताशी २८,८०० ठोके देते, म्हणजे सेकंदकाटा एका सेकंदात आठ लहान पावले टाकतो आणि डोळ्यांना तो वाहता भासतो. बॅटरीवर चालणाऱ्या साध्या क्वार्ट्झ घड्याळाचा काटा सेकंदाला एकच उडी घेतो. परंतु ही कसोटी दोन्ही बाजूंनी फसते. ताशी २८,८०० ठोके देणारी यंत्रणा आता चांगल्या नकलांतही असते; उलटपक्षी रोलेक्सने स्वतः १९७७ मध्ये 'ऑयस्टरक्वार्ट्झ' हे क्वार्ट्झ घड्याळ बाजारात आणले होते. त्याचा काटा टिकटिकच करतो, आणि ते अस्सल असते.

वजनाचेही तसेच. पूर्वीच्या नकला हलक्या व पोकळ लागत. रोलेक्सने १९८५ पासून ज्या ९०४ एल जातीच्या पोलादाचा वापर सुरू केला, ते पोलाद आजच्या महागड्या नकलांतही आढळते. हातात घेऊन 'जड आहे, खरे असणार' असे म्हणणारा विक्रेता एक तर अनभिज्ञ असतो किंवा समोरच्याला तसा समजत असतो.

तारखेवरील भिंग तुलनेने अधिक उपयुक्त आहे. ते तारीख सुमारे अडीच पट मोठी दाखवते, त्यामुळे आकडा चौकटीत भरून दिसतो. नकलेत आकडा लहान राहतो किंवा एका बाजूला कललेला दिसतो. अर्थात तारीख नसलेल्या प्रतिरूपांवर हे भिंग असत नाही, आणि ते नाही म्हणून घड्याळ खोटे ठरत नाही.

मागील झाकणातून यंत्रणा दिसत असेल तर मात्र सावध व्हावे. रोलेक्सचे मागील झाकण दीर्घकाळ भरीव धातूचेच राहिले. २०२३ मध्ये '१९०८' हे प्रतिरूप आणि प्लॅटिनममधील डेटोना यांच्यासारख्या मोजक्या घड्याळांत पारदर्शक झाकण आले. साध्या पोलादी सबमरिनरला काचेचे झाकण असेल, तर पुढील तपासणीची गरज उरत नाही.

तबकडी, काच आणि अनुक्रमांक

दहा पट मोठे दाखवणारे, कारागीर डोळ्याला लावतात तसले भिंग अल्प किमतीत मिळते. ते घेऊन तबकडीवरील अक्षरे पाहावीत. अस्सल तबकडीवर शाई किंचित उंचावलेली, कडा धारदार आणि अक्षरांतील अंतर सम असते. नकलेत अक्षरांच्या कडा पसरलेल्या, मुकुटचिन्हाची टोके बोथट आणि तासखुणांभोवतीचा प्रकाशलेप ओघळलेला आढळतो. हे पाहण्यासाठी यंत्रशास्त्राचे ज्ञान लागत नाही. हस्तलिखितांच्या वा नाण्यांच्या अभ्यासकाला हे काम परके वाटणार नाही.

साधारणतः २००० च्या दशकाच्या पूर्वार्धापासून काचेवर सहाच्या आकड्याजवळ सूक्ष्म मुकुट कोरलेला असतो. तो नुसत्या डोळ्यांना चटकन दिसला, तर तेच संशयाचे कारण समजावे. त्याच दशकाच्या मध्यापासून तबकडीभोवतीच्या आतील कड्यावर कंपनीचे नाव पुनःपुन्हा कोरलेले असते आणि सहाच्या खाली अनुक्रमांक असतो. तत्पूर्वी अनुक्रमांक सहाच्या बाजूस, पट्टा जोडण्याच्या दोन टोकांमध्ये, तर प्रतिरूपाचा क्रमांक बाराच्या बाजूस तशाच जागी असे. तो पाहण्यासाठी पट्टा काढावा लागतो. अस्सल कोरीवकाम स्वच्छ असून प्रकाशात चमकते. आम्लाने उठवलेले आकडे खरखरीत व निस्तेज दिसतात. आणखी एक गोष्ट अशी की, नकला करणारे एकच अनुक्रमांक अनेक घड्याळांवर वापरतात. २०१० च्या सुमारास कंपनीने क्रमवार आकडे सोडून यादृच्छिक अक्षरांकांची पद्धत स्वीकारली. त्यामुळे तेव्हापासूनच्या अनुक्रमांकावरून निर्मितीचे वर्ष सांगणारा विक्रेता अंदाज सांगत असतो.

आखातातून १९८० च्या दशकात आलेल्या घड्याळांविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे गैरसमज याच घड्याळांबाबत अधिक आहेत. त्या काळच्या तबकडीवर खाली 'स्विस' हा शब्द असून त्याच्या जोडीला 'टी' हे इंग्रजी अक्षर आढळते. 'स्विस मेड' असे पूर्ण लिहिलेले नाही, म्हणून घड्याळ खोटे, असा निर्वाळा अनेकदा दिला जातो. वस्तुतः ते 'टी' अक्षर ट्रिटियम या किरणोत्सारी द्रव्याचे निदर्शक आहे. अंधारात काटे चमकावेत म्हणून ते वापरले जाई आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्याचा वापर थांबला. ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे आहे. तेव्हा चाळीस वर्षांपूर्वीच्या तबकडीचा लेप आज पिवळसर झालेला आणि जवळजवळ निष्प्रभ असला पाहिजे. तो अंधारात लख्ख चमकत असेल, तर एक तर तबकडी बदलली आहे, नाही तर तिच्यावर पुन्हा लेप चढवला आहे. तसेच त्याहून जुन्या घड्याळांवर सफायरऐवजी ॲक्रिलिकची काच असे. तिच्यावर ओरखडे पडणे स्वाभाविक आहे, आणि सूक्ष्म मुकुट तिच्यावर शोधणे निरर्थक आहे. नवेपणाच्या कसोट्या जुन्या वस्तूला लावल्याने अस्सल घड्याळे कवडीमोलाने विकली जातात, हे नुकसान बनावट घड्याळ घेण्याइतकेच खरे आहे.

जुळवलेले घड्याळ

संपूर्ण बनावट घड्याळापेक्षा अवघड प्रकार म्हणजे निरनिराळ्या घड्याळांचे अस्सल भाग जोडून बनवलेले घड्याळ. त्याचा प्रत्येक भाग खरा असतो, एकत्रित वस्तू खोटी असते. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हा येथे फिलिप्सच्या लिलावात ऑमेगाचे एक जुने 'स्पीडमास्टर' ३१ लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीस विकले गेले. ते ऑमेगानेच आपल्या संग्रहालयासाठी घेतले होते. २०२३ मध्ये ते वेगवेगळ्या भागांतून जुळवलेले असल्याचे आणि त्यात कंपनीच्या माजी कर्मचाऱ्यांचा हात असल्याचे कंपनीने जाहीर केले. निर्मात्याचीच फसगत होते, तेथे आपल्यासारख्यांनी केवळ डोळ्यांवर विसंबू नये.

या प्रकाराचे एक साधे रूप आपल्या परिचयाचे आहे. जुन्या एचएमटी वा स्विस घड्याळांवर नवी रंगीत तबकडी चढवून ती विकण्याचा व्यवसाय मुंबईत चालतो, आणि परदेशी संग्राहकांत अशी घड्याळे 'मुंबई स्पेशल' या उपहासात्मक नावाने ओळखली जातात. हजार-दोन हजारांच्या घड्याळात त्याने फारसे बिघडत नाही. रोलेक्समध्ये मात्र तबकडी मूळची असणे यावरच किमतीचा मोठा हिस्सा अवलंबून असतो.

म्हणून मोठ्या रकमेच्या व्यवहारात जाणकार कारागिराकडून झाकण उघडून घेणे अपरिहार्य आहे. उदाहरणार्थ, १९८८ पासून वापरात आलेल्या ३१३५ या यंत्रणेत बॅलन्स चाकावरचा पूल दोन्ही टोकांना टेकलेला असतो, स्वयंचलित भागातील दोन लहान चाके लाल रंगाची असतात आणि वेळ नियंत्रित करण्यासाठी बॅलन्स चाकावरच सूक्ष्म नट बसवलेले असतात. नकलेत लाल चाके पुष्कळदा नुसती दाखवण्यापुरती रंगवलेली असतात. घड्याळ वेळ अचूक दाखवते, एवढ्यावरून काहीही सिद्ध होत नाही. चांगली नक्कलही वेळ बरोबर दाखवते.

कागदपत्रे आणि कायदा

हमीपत्र व खोका यांची नक्कल घड्याळापेक्षा सोपी असते. त्यामुळे कागदावरचा अनुक्रमांक घड्याळावरच्या क्रमांकाशी जुळणे ही किमान अट आहे, पुरावा नव्हे. रोलेक्सने २०२२ च्या अखेरीस अधिकृत विक्रेत्यांमार्फत वापरलेली घड्याळे प्रमाणित करून विकण्याची योजना सुरू केली. तेथे किंमत अधिक पडते, परंतु तपासणीची जबाबदारी विक्रेत्यावर राहते.

कायद्याची बाजू वाचकांनी विशेष लक्षात घ्यावी. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ च्या कलम १०४ अन्वये खोटे व्यापारचिन्ह लावलेला माल विकणे किंवा विक्रीसाठी जवळ बाळगणे हा गुन्हा असून त्यास सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. आपण सर्व वाजवी खबरदारी घेतली होती, संशयास कारण नव्हते आणि माल कोणाकडून आला याची माहिती मागताच दिली, हे सिद्ध करण्याचा भार विकणाऱ्यावर आहे. वडिलांचे घड्याळ सद्भावनेने विकणाऱ्या प्राध्यापकालाही हेच कलम लागू होऊ शकते. त्यामुळे असे घड्याळ विकण्यापूर्वी कारागिराकडून लेखी तपासणी अहवाल घ्यावा, त्यात प्रतिरूप क्रमांक, अनुक्रमांक आणि बदललेल्या भागांचा उल्लेख असावा, आणि तोच तपशील विक्रीच्या पावतीवरही उतरवून तिची एक सही केलेली प्रत आपल्याजवळ ठेवावी.