राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना : थळ-कोर्लई किनाऱ्यावरून एक मागोवा

थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी आणि उंदेरी हे जलदुर्ग उभे आहेत, तर दक्षिणेस अलिबाग ओलांडले की चौल-रेवदंडा आणि खाडीपलीकडे कोर्लई लागते. या चिंचोळ्या पट्टीवर पोर्तुगीज, जंजिऱ्याचे सिद्दी, मराठे, आंग्रे आणि इंग्रज यांनी आपापली निशाणे रोवली. त्यामुळे देशाच्या कारभाऱ्यांसाठी एकत्र प्रार्थना करण्याची ख्रिस्ती प्रथा सत्तांतरांतून कशी टिकली, याचा विचार करण्यास हा मुलूख विशेष उपयोगी आहे.

या प्रथेचा आधार नव्या करारातील तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सापडतो. राजे व सर्व अधिकारी यांच्यासाठी विनवणी करावी आणि प्रजेला शांततेने जगता यावे, असा तेथील आशय आहे. हे लिहिले गेले तेव्हा रोमचा सम्राट ख्रिस्ती नव्हता, आणि हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. कारण राज्यकर्ता आपल्या धर्माचा असणे ही या प्रार्थनेची अट मुळातच नव्हती. थळजवळच्या नवगावशी ज्यांची आगमनकथा जोडलेली आहे, त्या बेने इस्रायलींच्या धर्मपरंपरेतही यिर्मया संदेष्ट्याने बाबेलमधील निर्वासितांना, ज्या नगरात राहता त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, असे कळवले होते.

पुढे युरोपात राजसत्ता ख्रिस्ती झाली आणि प्रार्थनेचा सूर बदलला. गुड फ्रायडेच्या लॅटिन उपासनेत सम्राटासाठी स्वतंत्र प्रार्थना होती, तिच्यात सम्राटाच्या विजयाची इच्छाही मिसळलेली होती. पोर्तुगीज अमलाखालील चौलमध्ये धर्म आणि राज्य असेच हातात हात घालून नांदले. मात्र 1740 मध्ये चौल व कोर्लई मराठ्यांकडे गेले, 1818 मध्ये पेशवाई संपली, 1840 मध्ये आंग्र्यांचे कुलाबा संस्थान खालसा झाले, आणि कोर्लईचा कॅथलिक समाज, पोर्तुगीजपासून घडलेली आपली बोली जपत, या साऱ्या उलथापालथीत तेथेच राहिला. अन्यधर्मीय सत्तेखाली राहणाऱ्या या समाजाच्या वाट्याला जणू तीमथ्याच्या काळातील मूळ परिस्थितीच पुन्हा आली. ही प्रार्थना आपल्या खऱ्या अर्थाजवळ येते ती अशाच वेळी.

इंग्रजी अमलात अँग्लिकन चर्चच्या 1662 च्या प्रार्थनाग्रंथामुळे राजा, राजघराणे आणि पार्लमेंट यांच्यासाठी प्रार्थना होत असे. स्वातंत्र्यानंतर राजाची जागा लोकांनी निवडलेल्या सरकारने घेतली, आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात अँग्लिकनांसह अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले.

कॅथलिक उपासनेत मोठा बदल दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने घडवला. 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजाने ‘श्रद्धावंतांची प्रार्थना’, म्हणजे प्रवचनानंतर साऱ्या जमावाने मिळून करावयाची मध्यस्थी, पुन्हा सुरू केली, आणि लोकभाषांना वाट मोकळी झाली. वाचक एकेक हेतू उच्चारतो, बसल्या जागेवरून उठलेले लोक एकमुखाने प्रतिसाद देतात. क्रम सामान्यतः असा की आधी चर्चच्या गरजा, मग सार्वजनिक अधिकारी व जगाचे कल्याण, त्यानंतर पीडित आणि शेवटी स्थानिक समाज. गुड फ्रायडेच्या आजच्या दहा गंभीर प्रार्थनांपैकी नववी राज्यकारभार करणाऱ्यांसाठी असते आणि तिच्यात सम्राटाच्या विजयाऐवजी लोकांची शांती, सुरक्षितता व धर्मस्वातंत्र्य यांची मागणी असते. हा बदल लहान नाही, कारण तो राज्यकर्त्याच्या गौरवाकडून त्याच्या कर्तव्याकडे नेतो.

अलीकडे या प्रथेवरून वादही झाला. दिल्लीचे आर्चबिशप अनिल कुटो यांनी 8 मे 2018 च्या पत्रात देशातील अशांत राजकीय वातावरणाचा उल्लेख करून प्रार्थना व शुक्रवारचा उपवास सुचवला, तेव्हा सत्ताधारी पक्षाच्या नेत्यांनी त्यावर टीका केली. राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करणाऱ्याने त्यांच्या कारभाराविषयी मौनच पाळावे, ही अपेक्षा मात्र परंपरेला धरून नाही. न्यायाची मागणी तिच्या पोटातच आहे. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने लोकसभा निवडणुकीच्या आधी, 22 मार्च 2024 हा दिवस देशासाठी प्रार्थना व उपवासाचा म्हणून पाळण्याचे आवाहन केले. मतदानाचा पहिला टप्पा 19 एप्रिलला पार पडला.