पुराव्याचा भार कोणावर? अमेरिकेतील फराळाच्या जिनसांच्या आयातीचे नियमन

आयात-व्यापाराचा अभ्यास करताना जकातीकडे प्रथम लक्ष जाणे स्वाभाविक आहे. परंतु जकातीचा दर कळला म्हणजे मालाची किंमत ठरविता येते. तो माल बाजारात उतरेल की नाही, हे त्यावरून कळत नाही. खाद्यपदार्थांच्या बाबतीत हा दुसरा प्रश्नच अधिक निर्णायक ठरतो. महाराष्ट्रात तयार झालेला चिवड्याचा किंवा भाकरवडीचा बंद पुडा न्यू जर्सीतील भारतीय वाणसामानाच्या दुकानात पोहोचतो तेव्हा त्याने कोणत्या कसोट्या पार केलेल्या असतात, हे पाहिले असता नियंत्रित बाजारपेठेचे खरे स्वरूप ध्यानात येते.

अमेरिकेत ह्या विषयाचा मूळ कायदा १९३८ सालचा आहे. त्यात पुढे अनेक वेळा दुरुस्त्या झाल्या. त्याची अंमलबजावणी तेथील अन्न व औषध प्रशासन करते. नव्या औषधाला विक्रीपूर्वी मंजुरी लागते, तशी ती चिवड्याला लागत नाही. वरवर पाहता ही व्यवस्था उदार वाटते. तथापि तिचा कणा ह्या कायद्याच्या ८०१ व्या कलमातील एका क्रियापदात आहे. देशांतर्गत माल जप्त करावयाचा असल्यास सरकारला न्यायालयात जाऊन तो सदोष असल्याचे सिद्ध करावे लागते. आयात माल मात्र भेसळयुक्त किंवा चुकीच्या लेबलाचा आहे असे नुसते ‘दिसले’ तरी त्याला प्रवेश नाकारता येतो. म्हणजे दोघांनाही लागू असलेले गुणवत्तेचे नियम बहुतांशी सारखेच असले, तरी पुराव्याचा भार निरनिराळ्या खांद्यांवर पडतो.

ह्या भाराची पहिली पायरी कागदपत्रांची आहे. २००२ च्या कायद्याने परदेशी कारखान्यांना अमेरिकन प्रशासनाकडे नोंदणी करणे बंधनकारक झाले. ही नोंदणी दर सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबर ह्या काळात नव्याने करावी लागते व त्यासाठी अमेरिकेत राहणारा प्रतिनिधी नेमावा लागतो. शिवाय प्रत्येक खेपेची पूर्वसूचना, माल जहाजाने येत असल्यास किमान ८ तास आणि विमानाने येत असल्यास किमान ४ तास आधी, पोहोचलीच पाहिजे. ती न मिळाल्यास उत्तम मालही बंदरात अडकतो.

दुसरी पायरी लेबलाची. येथे महाराष्ट्रीय फराळाच्या दृष्टीने बारकावे पुष्कळ आहेत. २००४ च्या कायद्याने दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, झाडावर येणारी कवचफळे, शेंगदाणे, गहू व सोयाबीन ह्या आठ ॲलर्जीजनक पदार्थांची स्पष्ट नोंद आवश्यक केली. २०२१ च्या कायद्याने तिळाची त्यांत भर पडली व १ जानेवारी २०२३ पासून ती अंमलात आली. चिवड्यात शेंगदाणे व काजू असतात, भाकरवडीत तीळ असतात, हे उत्पादकाला ठाऊक असते. परंतु फोडणीतील बांधानी हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, ह्याकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. चिमूटभर हिंगामुळे आलेला गहू लेबलावर नसला, तर संपूर्ण खेप कायद्याच्या दृष्टीने चुकीच्या लेबलाची ठरते. हळदीचेही तसेच. इतर मसाले ‘मसाले’ ह्या एकाच शब्दात सांगता येतात. हळद ही रंगही देत असल्यामुळे तिचा स्वतंत्र नामनिर्देश किंवा रंग म्हणून उल्लेख करावा लागतो. पोषणमूल्यांचा तक्ता अमेरिकन नमुन्याप्रमाणेच हवा. त्यात अशा जिनसांसाठी एका वाढणीचे परिमाण ३० ग्रॅमच्या आधारे ठरते.

तिसरी पायरी घटकद्रव्यांची. पोंसो ४आर हा लाल रंग भारतात व युरोपीय संघात ठरलेल्या मर्यादेत चालतो. अमेरिकेत त्याला मान्यता नाही. उलट शेंगदाण्यातील ॲफ्लाटॉक्सिन ह्या बुरशीजन्य विषाची मर्यादा अमेरिकेत अब्ज भागांत २० असून, थेट खाण्याच्या शेंगदाण्यांसाठी युरोपीय संघात ती अवघी ४ आहे. यावरून एका कडक बाजारपेठेत मान्य झालेला माल दुसरीतही मान्य होईल, असे अनुमान काढणे धोक्याचे आहे.

माल सदोष दिसल्यास आयातदाराला खुलासा करण्यासाठी सामान्यतः १० कामाचे दिवस मिळतात. प्रवेश अखेर नाकारला गेल्यास ९० दिवसांच्या आत तो परत पाठवावा किंवा नष्ट करावा लागतो. दोष पुन्हा पुन्हा आढळल्यास उत्पादकाचे नाव सावधगिरीच्या यादीत जाते व त्याच्या पुढील खेपा प्रत्यक्ष तपासणीशिवायच अडकविल्या जातात. त्यानंतर प्रत्येक खेप निर्दोष असल्याचे प्रयोगशाळेच्या अहवालाने दाखविणे, हे काम व त्याचा खर्च व्यापाऱ्याच्या माथी येतो.

२०११ च्या अन्नसुरक्षा-आधुनिकीकरण कायद्याने ही दिशा अधिकच स्पष्ट केली. त्याखालील परदेशी पुरवठादारांच्या पडताळणीच्या नियमांची अंमलबजावणी मे २०१७ पासून सुरू झाली. आता आयातदारानेच पदार्थातील संभाव्य धोक्यांचे विश्लेषण करावयाचे, पुरवठादार पारखावयाचा आणि त्याच्या नोंदी ठेवावयाच्या. बंदरावर प्रत्यक्ष तपासला जाणारा माल एकूण आयातीचा फार लहान भाग असतो. म्हणून राज्यसंस्थेने निरीक्षकाचे काम काही अंशी व्यापाऱ्याकडे सोपविले आहे. ज्यांची खाद्यपदार्थांची वार्षिक सरासरी विक्री १० लाख डॉलरपेक्षा कमी आहे, अशा लहान आयातदारांना सौम्य अटी लागू होतात. त्यांना पुरवठादाराकडून लेखी हमी घ्यावी लागते व ती दर दोन वर्षांनी नव्याने मिळवावी लागते.

ह्या व्यवस्थेला केवळ संरक्षणवादाचे छुपे रूप म्हणणे न्याय्य होणार नाही. शेंगदाण्याच्या कणाने ज्या मुलाचा प्राण संकटात येतो, त्याच्या आईला पुड्यावरील अक्षरांखेरीज दुसरा आधार नसतो. परंतु ह्या सुरक्षिततेची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. नोंदणी, प्रयोगशाळा-परीक्षा व लेखापालन यांचा खर्च मालाच्या प्रमाणात वाढत नाही. तो बहुतांशी ठराविक असतो. मोठ्या कारखान्याला तो हजारो पेट्यांवर वाटता येतो, तर गावातील गृहोद्योगाला तो थोड्याच पेट्यांवर सोसावा लागतो. परिणामी लहान उत्पादक स्वतःच्या नावाने निर्यात करण्याऐवजी मोठ्या व्यापाऱ्याचा पुरवठादार बनण्याकडे ढकलला जातो, आणि पुड्यावरील नावाबरोबर नफ्याचा मोठा भागही त्याच्या हातून जातो.

यास्तव परदेशी बाजारपेठेतील प्रवेशाचे मोजमाप करताना जकातीच्या दराबरोबरच निर्दोषत्व सिद्ध करण्याचा खर्च कोण सोसतो, हेही अभ्यासकाने तपासले पाहिजे. सहकारी तत्त्वावर उभारलेली सामाईक प्रयोगशाळा व लेबल-तपासणीची सोय हा खर्च अनेकांत वाटून देऊ शकेल. गृहोद्योगांच्या निर्यातीचा विचार त्यांच्या पाककौशल्याइतकाच ह्या सोयींच्या अंगाने होणे अगत्याचे आहे.