देह आणि बीज : एका समुद्रकृमीची गोष्ट

खळ्यावरची रास घरी आली की शेतकरी तिचे दोन वाटे करतो. एक खाण्याचा, दुसरा बियाण्याचा. आणि ओढग्रस्तीच्या दिवसांतही बियाण्याला सहसा हात लावीत नाही. प्राण्याच्या शरीरातही अशीच वाटणी असते, असे जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट वाइझमान यांनी १८९२ च्या आपल्या ग्रंथात मांडले. देहपेशी झिजतात, मरतात; बीजपेशी मात्र पुढच्या पिढीत जातात. या दोहोंमधली भिंत किती पक्की आहे, एवढाच आज आपल्यापुढचा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधायला आपण युरोपच्या किनाऱ्यावर जाऊ. तिथे प्लॅटिनेरीस नावाचा, चार-पाच सेंटिमीटर लांबीचा, आपल्या गांडुळाचा दूरचा नातलग राहतो. त्याचे शरीर म्हणजे वलयांची माळ. शेपटीजवळच्या एका अरुंद पट्ट्यात मूळपेशी असतात. त्या विभागत राहतात आणि माळेत नवनवी वलये गुंफली जातात. शेपूट तोडली, तर पाचएक दिवसांत जखमेपाशी तसाच पट्टा पुन्हा तयार होतो आणि वाढ सुरू होते.

या मूळपेशींमध्ये कोणती जनुके जागी असतात? वासा, पिवी आणि नॅनोस. पिवी हे जागा बदलणाऱ्या उपद्रवी जनुकखंडांना दाबून ठेवते; नॅनोस काही प्रथिने अवेळी बनू देत नाही. ही तिन्ही पूर्वी बीजपेशींची खास जनुके मानली जात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात वासा हे जनुक या किड्याच्या बीजपेशींत आणि वाढीच्या पट्ट्यातही आढळले. मग दोन्ही पेशी एकच म्हणायच्या काय? नाही. २०१२ मध्ये असे दिसले की भ्रूणावस्थेतच चार बीजपेशी वेगळ्या होतात. शेजारच्या मूळपेशी विभागत असताना त्या स्वस्थ बसतात आणि पुढे घशामागे जाऊन वाढीला लागतात. म्हणजे वाइझमान यांची वाटणी इथे खरी ठरते. मात्र दोन्ही वाट्यांची राखण करणारे राखणदार तेच आहेत!

पुढे मेंदूतला एक संप्रेरक ओसरू लागतो, तशी या किड्याची तुटलेला भाग परत वाढवण्याची शक्ती जाते आणि बीजे पक्व होतात. चंद्राच्या कलांच्या हिशेबाने ठरलेल्या रात्री नर-माद्या पाण्याच्या पृष्ठभागी येतात, गिरक्या घेत अंडी व शुक्रपेशी सोडतात आणि मरतात.

या जनुकांचे भाऊबंद आपल्यातही आहेत. पण त्यांचे काम मुख्यतः बीजपेशींतच चालते. या किड्यात ते देहाच्या वाढीच्याही सेवेत राहिले आहेत. देह आणि बीज यांच्यातली भिंत आहे खरी. पण तिला दार आहे, आणि ते कोठे उघडे राहते हे या क्षुद्र जीवाने आपल्याला दाखवले.