ब्रेक नसलेले वाहन : पुराच्या पाण्यातील इंजिनबोट

वैनगंगा आणि बाघ या नद्यांचे पाणी गोंदिया जिल्ह्यातील काठच्या गावांत शिरते, तेव्हा अडकलेल्या माणसांना काढण्यासाठी हवा भरलेली रबरी बोट वापरली जाते. तिच्या मागच्या फळीवर बसवलेल्या इंजिनाला आपत्ती दलातील जवान ‘ओबीएम’, म्हणजे आउटबोर्ड मोटर, म्हणतात. बोट साधारण चार-पाच मीटर लांबीची असते आणि इंजिन बहुधा २५ ते ४० अश्वशक्तीचे. दोन माणसे बसलेली अशी बोट ताशी ३० किलोमीटरच्या पुढे सहज जाते. रस्त्यावर हा वेग किरकोळ वाटतो; पण पाण्यावरच्या या वाहनाला ब्रेक नसतो.

जिल्ह्याला पाणी नवे नाही. नवेगावबांधचा तलाव, गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण आणि गावोगावचे मामा (माजी मालगुजारी) तलाव यांवर ढिवर समाजाची मासेमारी पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. झाडाच्या खोडातून कोरलेला डोंगा बांबूने रेटत नेणाऱ्याला पाण्याचा तळ आणि ओढ हाताला कळते. इंजिनबोटीच्या चालकाला हे ज्ञान लागतेच. त्यावर वेगाचे शास्त्र वेगळे शिकावे लागते.

संथ चालणारी बोट पाणी बाजूला सारत जाते आणि स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. पंधरा फुटी बोटीसाठी ही मर्यादा ताशी नऊ-दहा किलोमीटरच्या आसपास येते. त्यापुढे इंजिनाचा जोर वाढवला की नाक वर उचलते आणि काही क्षण चालकाला समोर नुसते आभाळ दिसते. आणखी जोर दिला की बोट आपल्याच लाटेवर चढते, नाक खाली येते आणि ती पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरू लागते. याला प्लेनिंग म्हणतात. बुडालेला भाग कमी झाल्याने विरोध घटतो, आणि वेग एकदम वाढतो.

बोट प्लेनिंगवर चढेल की नाही, हे वजनावर ठरते. क्षमतेपेक्षा जास्त माणसे घेतलेली बोट चढतच नाही. मागचा भाग खाली, नाक वर, अशा स्थितीत ती रखडते. चालकाला पुढचे दिसत नाही आणि छोटी लाटही आत येते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे कृष्णेच्या पुरात गावकऱ्यांनी भरलेली बोट उलटून अनेकांचे प्राण गेले. म्हणून ‘दोन फेऱ्या करू, पण जास्त माणसे घेणार नाही’ असे काठावर ठामपणे सांगणे हा प्रशिक्षणाचाच भाग आहे.

वळणाची गोष्टही मोटारीहून उलटी. मोटारीची पुढची चाके वळतात. बोटीचा मागचा भाग ढकलला जातो. इंजिनाचा दांडा उजवीकडे रेटला की नाक डावीकडे जाते आणि शेपूट उजवीकडे फेकले जाते. पाण्यात पडलेल्या माणसाजवळून चुकीच्या दिशेने वळले, तर फिरता पंखा त्याच्याच अंगावर जातो. वेगात तीव्र वळण घेतले की पंखा हवा ओढतो. इंजिन किंचाळते, पण पाण्यावरची पकड सुटते. अशा वेळी जोर वाढवायचा नसतो, कमी करायचा असतो. मोटारसायकलप्रमाणे वेग मुठीत असतो, त्यामुळे दचकून मूठ आवळताना ती पिळली गेली तर बोट उसळते. ही सवय मोडायलाच सुरुवातीचे तास जातात.

वेग अचानक तोडणेही धोक्याचे. जोर बंद करताच बोट खाली बसते आणि मागून येणारी तिचीच लाट फळीवरून आत घुसते. म्हणून वेग टप्प्याटप्प्याने उतरवतात आणि थांबण्याचे अंतर आधीच राखून ठेवतात. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी सुरू असताना नौदलाच्या वेगवान बोटीवरचा ताबा सुटला आणि ती घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. यंत्र केव्हाही दगा देऊ शकते असे धरूनच दुसऱ्या बोटीपासूनचे अंतर ठरवावे लागते.

चालकाच्या पायाला किंवा मनगटाला बांधलेली लाल पिळदार दोरी ही बोटीवरची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची वस्तू. तिचे दुसरे टोक इंजिनाच्या स्विचला असते. चालक पाण्यात फेकला गेला की दोरी निसटते आणि इंजिन बंद पडते. दोरी बांधलेली नसेल तर बिनचालकाची बोट गोल फिरत पुन्हा पडलेल्यांवर येते. मे २०१३ मध्ये इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर अशाच अपघातात एका कुटुंबातील वडील आणि मुलगी दगावली.

अतिवेगात पाण्याइतकीच हवाही घात करते. ४ जानेवारी १९६७ रोजी डोनाल्ड कॅम्पबेल यांची ‘ब्लूबर्ड’ इंग्लंडमधील कोनिस्टन सरोवरावर विक्रमाच्या प्रयत्नात नाकाखाली हवा शिरून उलटली आणि त्यात त्यांचा अंत झाला. मार्च २०१७ मध्ये मुंबईच्या मरीन ड्राइव्हसमोर पॉवरबोट शर्यती झाल्या, तेव्हा प्रत्येक बोटीत चालक आणि दिशादर्शक असे दोघे होते. बचावबोटीतही हाच नियम लागतो : एक दांड्यावर, दुसरा नाकाशी बसून समोर डोळे लावून. नाकाशी बसलेल्याच्या वजनाने बोट वाऱ्यात उचलली जाण्याचा धोकाही कमी होतो.

या विद्येचे औपचारिक शिक्षण देणारी मराठी मुलखाजवळची प्रमुख संस्था म्हणजे गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्था. १९९० मध्ये स्थापन झालेली ही संस्था भारतीय पर्यटन व प्रवास व्यवस्थापन संस्थेचा भाग आहे. दांड्याने चालणारी आणि चाकाने चालणारी बोट यांचे अभ्यासक्रम तेथे वेगवेगळे आहेत. जीवरक्षणाचे प्रशिक्षणही मिळते. महाराष्ट्रात पुराच्या कामासाठी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या नागपूर आणि धुळे येथे आहेत, तर राष्ट्रीय दलाची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे येथे. शिक्षणाचा क्रम साधारण सारखाच : आधी पोहणे आणि जीवरक्षक जाकीट, मग वल्ही, मग संथ वेगात बोट जागेवर धरणे आणि काठाला लावणे, आणि शेवटी वेग. देशांतर्गत जलमार्गांवरील नौकांसाठीचा १९१७ चा कायदा जाऊन २०२१ मध्ये नवा कायदा आला. नौकेची नोंदणी, तपासणी आणि चालकाची पात्रता हे त्याचे विषय आहेत.

तलावावर शिकलेला चालक पुरात उतरतो तेव्हा वेगाचा अर्थ बदलतो. प्रवाहाबरोबर जाताना पाण्याचा वेग बोटीच्या वेगात मिसळतो आणि वळायला जागा उरत नाही. म्हणून नदी ओलांडताना नाक प्रवाहाच्या वरच्या दिशेला किंचित तिरके ठेवून बोट आडवी सरकवतात. अडकलेल्या माणसाजवळही प्रवाहाच्या खालच्या बाजूने, नाक प्रवाहाच्या वरच्या दिशेला धरून जातात. बंधाऱ्याखालचे उलटे फिरणारे पाणी टाळावेच लागते. २३ मे २०२४ रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात सुगाव येथे प्रवरेत शोधकार्य करताना धुळ्याच्या तुकडीची बोट भोवऱ्यात उलटली आणि तीन जवानांचा मृत्यू झाला.

गोंदियाच्या पुराला आणखी एक पैलू आहे. येथे नदीकाठी धानाच्या बांध्या असतात. पाणी चढले की धुरे (शेताचे बांध), कुंपणाच्या तारा आणि पंपांच्या वायरी हातभर पाण्याखाली दडतात, आणि वरून सगळे सपाट, मोकळे दिसते. धुऱ्याला पंखा लागला तर पाते तुटते, तारेत गुंतला तर बोट प्रवाहात आडवी होते. म्हणून शेतावरून जाताना इंजिन थोडे वर उचलून, चालण्याच्या वेगाने, पुढे बांबूने तळ चाचपत जातात. येथे डोंगेवाल्याचे ज्ञान इंजिनापेक्षा मोठे ठरते. गावची जमीन ओळखणारा माणूस सोबत घेण्याची पद्धत त्यासाठीच.

चालू इंजिनाच्या बाजूने पाण्याची एक बारीक धार सतत बाहेर पडते. नदीचे पाणी आत खेचून इंजिन थंड ठेवले जाते, त्याची ती खूण. गाळ, पेंढा किंवा तलावातील वेल जाळीत अडकले की धार बारीक होते, मग थांबते. ती थांबताच इंजिन बंद करून वल्ही हाती घ्यायची, जाळी साफ करायची आणि मगच पुन्हा चालू करायचे. काम संपल्यावर स्वच्छ पाण्यावर इंजिन काही मिनिटे चालवून आतला गाळ धुतात, पंख्याच्या दांड्याला गुंडाळलेल्या दोऱ्या आणि गवत काढतात, रबरी नळ्यांतील हवा तपासतात आणि लाल दोरी पुढच्या फेरीसाठी इंजिनालाच अडकवून ठेवतात.