विज्ञानप्रसारक आणि कथाकार : जयंत नारळीकर

नाशिक येथे डिसेंबर 2021 मध्ये भरलेल्या 94 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी डॉ. जयंत नारळीकर यांची निवड झाली होती. प्रकृतीच्या कारणास्तव त्यांना उपस्थित राहता आले नाही. तथापि, या निवडीने विज्ञानकथेला मराठी वाङ्मयव्यवहारात मान्यता मिळाली, असे म्हटले गेले. ही मान्यता कथाकाराची होती की वैज्ञानिकाची, हा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहिला. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

नारळीकरांचा जन्म 1938 मध्ये कोल्हापूर येथे झाला. शिक्षण वाराणसी व केंब्रिज येथे झाले. केंब्रिजमधील त्यांचे मार्गदर्शक फ्रेड हॉईल हे खगोलशास्त्रज्ञ तर होतेच. शिवाय कादंबरीकार आणि बीबीसीवरील 'ए फॉर अँड्रोमेडा' (1961) या विज्ञानकाल्पनिकेचे सहलेखकही होते. संशोधन, ललितलेखन आणि प्रसारमाध्यम यांत विरोध नसतो, याचे उदाहरण नारळीकरांना गुरूच्याच ठायी दिसले.

1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठविली. आपल्या आद्याक्षरांचा क्रम त्यांनी उलटा केला होता. कथेला प्रथम पारितोषिक मिळाले. म्हणजे पहिला कौल तरी लेखकाच्या कीर्तीला नव्हे, कथेलाच मिळाला होता. पुढे 'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला' इत्यादी पुस्तके आली. दूरदर्शनवरील 'ब्रह्मांड' मालिकेतून त्यांनी खगोलशास्त्र घरोघरी पोहोचविले. 1996 मध्ये विज्ञानप्रसारासाठी त्यांना युनेस्कोचा कलिंग पुरस्कार लाभला.

प्रसारकाच्या या लौकिकामुळे समीक्षेची एक सोय झाली. त्यांची कथा ही विज्ञान समजावून देण्याचे साधन मानली गेली, आणि वाङ्मयीन निकष लावण्याची जबाबदारी टळली. हा आक्षेप सर्वस्वी निराधार आहे असे नाही. त्यांची पात्रे पुष्कळदा सिद्धान्ताची वाहक ठरतात आणि संवादांना व्याख्यानाचे वळण लागते. 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेच्या अखेरीसही पुंजसिद्धान्ताचे विवेचन येतेच.

परंतु त्या कथेचे सामर्थ्य विवेचनात नाही. पानिपतावर विश्वासराव वाचले आणि मराठे जिंकले, अशा जगात इतिहासाचे एक प्राध्यापक जाऊन पडतात. मुंबईच्या ग्रंथालयात ते स्वतःच लिहिलेला इतिहास उघडतात, तो परिचित घटना बदललेल्या! परतल्यावर त्यांच्यापाशी पुरावा उरतो तो बखरीच्या एका फाटक्या पानाचा. इतिहाससंशोधक ज्या बखरीकडे साशंकतेने पाहतो, तीच येथे दुसऱ्या वास्तवाची एकमेव साक्ष ठरते. पराभवाची मराठी मनातील सल, इतिहासाची विश्वसनीयता आणि विज्ञानातील अनिश्चितता या तिन्ही गोष्टी त्या एका पानात एकवटतात. हे कार्य दूरदर्शन मालिकेचे नव्हे. ते कथेचेच आहे.

मालिका विश्व कसे आहे ते सांगते. कथा ते वेगळे असते तर माणसाचे काय झाले असते, हे विचारते. 20 मे 2025 रोजी नारळीकरांचे पुण्यात निधन झाले. त्यांच्याविषयीचा आदर यापुढे केवळ गौरवातून व्यक्त होऊ नये. अध्यापकांनी व संशोधकांनी त्यांच्या कथा आशय, रचना आणि भाषा या अंगांनी तपासाव्यात. जिथे त्या उण्या पडतात तिथे तसे स्पष्ट म्हणावे. 'जगताप' या नावाने कथा पाठविणाऱ्या लेखकाची अपेक्षाही याहून निराळी नसावी.